मोर्सला परीक्षेचा आधार नको होता

अमेरिकेत 23 फेब्रुवारी 2007 पासून हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, कुठल्याच परवान्यासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागत नाही. अनेक देशांनी ती त्याआधीच काढून टाकली होती. तरीही हॅम मंडळी एकत्र जमली की हा विषय निघतो, आणि निघाला की एक सूर हमखास लागतो: मोर्स गेला आणि हॅम रेडिओची पत गेली, पूर्वी परवाना कमवावा लागायचा, आता तो वाटला जातो. हा सूर लावणाऱ्यांत अनेक जण असे आहेत की ज्यांनी उभी हयात या छंदात घालवली, स्वतःच्या हातांनी ट्रान्समीटर बांधले, नवशिक्यांना बोटाला धरून शिकवले. त्यांचे म्हणणे उडवून लावणे बरे नव्हे. ते मुद्द्यागणिक तपासले पाहिजे. तसे तपासल्यावर ते टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मोर्स ही फार देखणी विद्या आहे. तिच्या नावाने घेतली जाणारी सक्तीची परीक्षा मात्र भलत्याच गोष्टीची परीक्षा होती, आणि ती रद्द झाली हे उशिरा का होईना, योग्य झाले.

ही अट मुळात आली कुठून, ते आधी पाहू. हॅमच्या अंगी जिद्द असावी, शिस्त असावी, म्हणून ती कुणी घातलेली नव्हती. 1912 साली टायटॅनिक बुडाली त्या काळात बिनतारी संदेशांची भाषा एकच होती, ठिणगीने उठवलेल्या डॉट-डॅशची. जहाजे, बंदरे, नौदल आणि घराच्या माळ्यावर यंत्र मांडून बसलेली हौशी पोरे, सगळी त्याच भाषेत बोलत आणि एकमेकांच्या बोलण्यात घुसत. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना परवान्याखाली आणले आणि 200 मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलले. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत मोर्स येणे ही आंतरराष्ट्रीय अट झाली. कारण सरळ होते. हौशी चालकामुळे एखाद्या जहाजाची हाक दबत असेल, तर किनाऱ्यावरच्या स्थानकाने त्याला 'थांब' म्हटलेले त्याला कळले पाहिजे. संकटाची हाक कानावर पडली, तर ती ओळखता आली पाहिजे. रस्त्यावर गाडी आणणाऱ्याला सिग्नलचे रंग कळले पाहिजेत, त्यातलाच हा प्रकार. पुढच्या परिषदांनी अट कशी आवरत आणली, ते पाहिले तरी हे लक्षात येते. 1947 साली अटलांटिक सिटीच्या परिषदेने 1000 मेगाहर्ट्झच्या वर सूट दिली, 1959 साली जिनिव्हात ही रेषा 144 मेगाहर्ट्झवर आली, 1979 साली 30 वर. जहाजांच्या लहरींपासून जितके दूर, तितकी अट सैल. ती माणसाच्या लायकीची कसोटी असती, तर फ्रिक्वेन्सी बदलली म्हणून माफ झाली नसती.

मग ते कारणच उरले नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 1995 साली 500 किलोहर्ट्झवरची मोर्सची राखण थांबवली, फ्रेंच नौदलाने 1997 च्या जानेवारीअखेर मोर्समधून निरोप घेतला, आणि 1 फेब्रुवारी 1999 पासून सागरी सुरक्षेची सगळी व्यवस्था उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रांवर गेली. आपल्याकडे तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, पण तार ऑफिसातला मोर्सचा कडकडाट टेलिप्रिंटरने आणि संगणकाने त्याच्या कितीतरी आधी थांबवला होता. म्हणजे ज्या जहाजांसाठी हौशी चालकाने मोर्स शिकायचा, ती जहाजेच मोर्स बोलायची थांबली. 2003 च्या जून-जुलैत जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ही अट ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवले. स्वित्झर्लंड आणि ब्रिटनने त्याच जुलैत ती उठवली, जर्मनीने ऑगस्टमध्ये. अमेरिकेला आणखी साडेतीन वर्षे लागली. तिथल्या दूरसंचार आयोगापुढे या विषयावर 18 अर्ज आले होते. हॅम लोकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने निदान सर्वोच्च 'एक्स्ट्रा' परवान्यासाठी तरी मिनिटाला 5 शब्दांची परीक्षा ठेवा, अशी मागणी केली होती. आयोगाने तीही मानली नाही, आणि न मानणेच बरोबर होते. जी परीक्षा खालच्या परवान्यांना निरुपयोगी ठरली, ती सर्वांत वरच्या पायरीवर निव्वळ मानाचे तोरण म्हणून लटकवण्यात काय हशील होते?

आता मुख्य आक्षेप, चाळणीचा. मोर्स शिकायला महिनोन्महिने जातात. जो तेवढा वेळ देतो तो गंभीर माणूस असतो. ही चाळणी काढली की उथळ आणि बेशिस्त माणसे आत येतात आणि बँड नासतात, असे म्हणतात. सोबत सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या सिटिझन्स बँडवरच्या गोंधळाचा दाखला येतो. या दाव्याची तपासणी करायला इतिहासानेच सोय करून ठेवली आहे. 2000 सालच्या एप्रिलपर्यंत अमेरिकेत शॉर्टवेव्हच्या मुख्य बँडवर माइक हातात घेऊन बोलायचे, तर किमान मिनिटाला 13 शब्दांची परीक्षा उत्तीर्ण व्हावेच लागे आणि एक्स्ट्रा परवान्यासाठी 20 शब्दांची. वैद्यकीय कारणाने सूट मिळालेले थोडे सोडले, तर त्या बँडवर बोलणारा प्रत्येक जण या चाळणीतून आलेला होता. आणि तरीही तिथे शिवीगाळ, मुद्दाम केलेला अडथळा, एकाच फ्रिक्वेन्सीवर वर्षानुवर्षे ठाण मांडून घातलेला धुडगूस इतका वाढला होता की, 1998 साली आयोगाला रायली हॉलिंग्सवर्थ या अधिकाऱ्याकडे हॅम बँडवरच्या शिस्तीचे काम खास सोपवावे लागले. त्यांनी धाडलेल्या ताकिदीच्या पत्रांनी जो फरक पडला, तो मोर्सच्या परीक्षेने सत्तर वर्षांत पडला नव्हता. बँडवर शिस्त राहते ती नियम मोडणाऱ्याला कुणीतरी जाब विचारतो म्हणून. सिटिझन्स बँडवर तो जाब विचारला गेला नाही, तिथल्या गोंधळाचे मूळ तेच आहे.

चाळणीवाल्यांनी जपानकडेही पाहायला हवे, आणि ते क्वचितच पाहतात. जपानने 1950 च्या दशकाच्या अखेरीसच मोर्सशिवाय मिळणारा, फक्त बोलण्याचा परवाना सुरू केला. कमी शक्तीच्या ट्रान्समीटरवर शॉर्टवेव्हच्या काही बँडवरही त्या परवान्याने बोलता येत असे. आंतरराष्ट्रीय नियमाला हे धरून नव्हते, तरी जपानने ते चालू ठेवले. परिणाम काय झाला? 1990 च्या दशकात तिथल्या हौशी स्थानकांची संख्या 13 लाखांवर गेली. लोकसंख्येने दुप्पट असलेल्या अमेरिकेला तिने मागे टाकले. त्यातल्या बहुसंख्यांनी मोर्सची परीक्षा दिलेली नव्हती. येसू, आयकॉम, केनवुड ही आज जगभरच्या हॅमच्या टेबलावर दिसणारी यंत्रे याच देशातून आली, आणि घरच्या एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा त्यात वाटा नव्हता असे कुणी म्हणू शकणार नाही. चाळणी नसली की छंद बुडतो, हे खरे असते तर तो सगळ्यांत आधी जपानात बुडायला हवा होता.

पण अट चुकीची होती असे मी म्हणतो, त्याचे सर्वांत मोठे कारण वेगळे आहे, आणि मोर्सवर प्रेम करणाऱ्यांनी ते ऐकावे असे मला मनापासून वाटते. मिनिटाला 5 शब्दांची परीक्षा मोर्स येतो की नाही, हे पाहतच नव्हती. मोर्सचा वेग 'पॅरिस' या शब्दाने मोजतात. तो शब्द एका डॉटच्या लांबीच्या पन्नास मात्रांचा भरतो. त्या हिशेबाने मिनिटाला 5 शब्दांच्या वेगात एक डॉट जवळपास पाव सेकंदाचा होतो, आणि क्यू हे अक्षर, म्हणजे डाह-डाह-डि-डाह, संपायला तीन सेकंदांहून अधिक लागतात. तीन सेकंद! तेवढ्यात शिकणारा काय करतो? पहिला लांब, दुसरा लांब, मग आखूड, मग लांब, असे मोजतो. डोळ्यांपुढे पाठ केलेला तक्ता आणतो. त्यात बोट फिरवल्यासारखे अक्षर शोधतो आणि लिहितो. हे ऐकणे नव्हे, आकडेमोड आहे. तेच अक्षर मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाने पाऊण सेकंदात निघून जाते आणि मोजायला उसंतच ठेवत नाही. तिथे त्याची एक चाल ऐकू येते, एखाद्या तालाच्या बोलासारखी. तबला शिकणारा 'तिरकिट' ऐकताना ति, र, कि, ट असे सुटे मोजत बसत नाही. तो बोल अखंड त्याच्या कानात बसलेला असतो. जाणत्या चालकाच्या कानाला 'सीक्यू' ही हाक, डाह-डि-डाह-डिट, डाह-डाह-डि-डाह, अशीच अखंड येते.

हे कुणा हॅमच्या डोक्यातून निघालेले नाही. इंडियाना विद्यापीठातल्या विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी 1897 आणि 1899 साली तारमास्तरांच्या शिक्षणावर निबंध प्रसिद्ध केले. माणूस एखादे कौशल्य कसा शिकतो, याच्या शास्त्रात आजही त्यांचा उल्लेख होतो. त्यांना असे दिसले की, संदेश पाठवण्याचा वेग सतत वाढत जातो, पण ऐकण्याचा वेग मध्येच एका पठारावर येऊन अडतो आणि आठवडेच्या आठवडे हलत नाही. अक्षरे सुटी ऐकण्याची सवय मागे पडून शब्द अखंड ऐकू येऊ लागले की, मग ते पठार ओलांडले जाते. 1930 च्या दशकात लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याचाच धागा पकडून शिकवण्याची नवी रीत मांडली: सुरुवातीपासून पूर्ण वेगाने शिकवा, पण आधी फक्त दोनच अक्षरे, ती कानात बसली की तिसरे. मोर्स शिकवणारे आज बहुतेक हाच मार्ग सांगतात. आता परीक्षेकडे वळून पाहा. ज्याला 5 शब्दांची परीक्षा उत्तीर्ण व्हायची घाई आहे, तो तक्ता घोकतो, कारण परीक्षेपुरते ते पुरते. पाच मिनिटांच्या संदेशातली सलग 25 अक्षरे बरोबर आली की काम झाले. आणि जे घोकले तेच पुढे नडते, कारण मिनिटाला 10 शब्दांच्या आसपास ते पठार वाट पाहत उभे असते आणि तिथे मोजण्याची सवय मोडून सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. अमेरिकेतल्या परीक्षकांनी अक्षरे वेगाने आणि मधली जागा लांब, अशी तोड काढून पाहिली. तिने अक्षराचा ताल वाचला, पण मधल्या मोकळ्या जागेत मनात उजळणी करण्याची सवय तशीच राहिली. मोर्सच्या रक्षणासाठी म्हणून ठेवलेली परीक्षा मोर्स चुकीच्या रीतीने शिकायला लावत होती. परवाना हातात पडताच कित्येकांनी मोर्स पाठवायची की कपाटात ठेवून दिली, ती पुन्हा काढली नाही. यात त्यांचा आळस पाहू नये. त्यांना ऐकायला कुणी शिकवलेच नव्हते.

आपत्तीचा मुद्दा भावनेला हात घालणारा आहे. सगळे बंद पडते तेव्हा मोर्स चालतो, म्हणून प्रत्येक हॅमला तो आला पाहिजे, असे सांगितले जाते. मोर्स कमी विजेवर आणि अगदी साध्या यंत्रावर दूर जातो, हे खरेच आहे. पण संदेश पोचायला दोन्ही टोकांना तो समजणारी माणसे लागतात, आणि पूरग्रस्त गावातल्या तहसीलदाराला किंवा डॉक्टरला तो समजत नाही. शिवाय हिशेब करून पाहा: किती रुग्ण, कोणता रक्तगट, कुठल्या रस्त्याने या, अशा पन्नास शब्दांच्या निरोपाला परीक्षेच्या वेगाने दहा मिनिटे लागतील, माइकवर तो अर्ध्या मिनिटात सांगून होतो. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांची हॅम तुकडी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होती. 26 तारखेला त्सुनामीने बेटांचा संपर्क तोडला, तेव्हा याच तुकडीने बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले, आणि हे काम प्रामुख्याने बोलून झाले. आपत्तीत कामी येते ते तयार ठेवलेले यंत्र, भरलेली बॅटरी, अँटेना झटपट उभारण्याचा सराव आणि निरोप नेमका लिहून घेण्याची शिस्त. यातले काहीही मोर्सची परीक्षा तपासत नव्हती.

कमकुवत संदेशही मोर्समध्ये ऐकू येतो, हा अभिमान रास्त होता. मोर्सला बँडची जेमतेम दीडशे हर्ट्झची पट्टी पुरते, बोलण्याला सुमारे अडीच हजार लागतात; त्यामुळे तीच शक्ती अरुंद जागेत एकवटते. पण हा मुकुटही आता दुसऱ्याकडे गेला आहे. 1993 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जो टेलर स्वतः हॅम आहेत. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत 2017 साली एफटी8 ही पद्धत आणली. ती सुमारे 50 हर्ट्झमध्ये, माणसाच्या कानाला गोंगाटापलीकडे काहीच जाणवत नसतानाही संदेश वेचून काढते. निव्वळ उपयोगाचा निकष लावायचा, तर उद्या एफटी8 ची सक्ती करावी लागेल. तशी मागणी कुणी करत नाही, यावरून हा वाद उपयोगाचा नाही, आपुलकीचा आहे, हे उघड होते. आपुलकी मला मान्य आहे. ती कायद्याने मागता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. सक्ती होती म्हणून ज्यांनी नाइलाजाने मोर्स हातात घेतला आणि मग जन्मभर त्याच्या प्रेमात पडले, अशी माणसे पुष्कळ आहेत. सक्ती गेल्यावर तशी काही माणसे मोर्सपर्यंत पोचणारच नाहीत. ही हानी आहे, आणि सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती झाकून ठेवू नये. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोण आहे? ज्यांना सर्किट कळत होते, अँटेना कळत होती, बोलायचे होते, पण कानाला मोर्स लागला नाही म्हणून जे दारातून परत गेले, ती माणसे. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती हॅम झालीच नाहीत. 1990 साली अमेरिकेने डॉक्टरच्या दाखल्यावर 13 आणि 20 शब्दांच्या परीक्षेतून सूट द्यायला सुरुवात केली, तेव्हाच ही भिंत काही जणांना ओलांडता येत नाही, हे सरकारने कबूल केले होते. परीक्षा रद्द झाली तेव्हा अमेरिकेत साडेसहा लाखांच्या आसपास परवाने होते. 2018 च्या अखेरीस ते साडेसात लाखांवर गेले. ही सगळी वाढ एका अटीच्या जाण्याने झाली, असा दावा मी करणार नाही. पण छंद बुडेल, हे भाकीत तरी निश्चितच खोटे ठरले. आणि मोर्स? तो तर आहेच. सीडब्ल्यूऑप्ससारख्या संस्था जगभरच्या शिकणाऱ्यांचे वर्ग घेतात. दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या जागतिक मोर्स स्पर्धेत 48 तास बँड खच्चून भरलेले असतात. जर्मनीने 2003 साली परीक्षा उठवली आणि 2014 साली मोर्स तारायंत्रण आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदवले. ज्यांना तो जपायचा होता, त्यांनी तो परीक्षेच्या जोरावर जपलेला नाही.

भारताने 2009 साली नियम बदलले तेव्हा जुन्या श्रेण्या मोडून दोनच ठेवल्या: 50 वॅटची मर्यादा असलेला रेस्ट्रिक्टेड परवाना मोर्सशिवाय, आणि 400 वॅटपर्यंतचा जनरल परवाना मिनिटाला 8 शब्दांच्या मोर्ससह. जगाने मोकळीक दिल्यावर सहा वर्षांनी घेतलेला हा निर्णय अर्धवट होता. 400 वॅटच्या ट्रान्समीटरपाशी बसणाऱ्याला उच्च दाबाची वीज, अर्थिंग, शेजाऱ्याच्या टीव्हीत होणारा अडथळा आणि अँटेनाजवळच्या किरणांची सुरक्षित हद्द कळली पाहिजे. ते विचारायचे तर लेखी परीक्षा आणखी कडक करा, प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावा. त्याला माझा पाठिंबाच आहे. पण 8 शब्दांचा मोर्स यातले काहीच सांगत नाही. शिवाय हा वेगही त्या पठाराच्या अलीकडचाच. क्यू तिथेही जवळपास दोन सेकंद रेंगाळतो आणि मोजणाऱ्याला मोजू देतो.

म्हणून जुन्या जाणत्या हॅमना विनंती आहे की, परीक्षा गेल्याची खंत करण्यात वेळ घालवू नका. तुमच्याजवळ जो कान आहे तो पुस्तकात सापडत नाही. रेस्ट्रिक्टेड परवाना घेऊन आलेल्या मुलाला आपल्या शेजारी बसवा, हेडफोन त्याच्या कानावर द्या. आणि शिकणाऱ्याने तक्ता भिंतीवर लावू नये. के आणि एम ही दोनच अक्षरे घ्या, डाह-डि-डाह आणि डाह-डाह. ती पहिल्या दिवसापासून मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाने, रोज पंधरा मिनिटे ऐका. ती ओळखीची झाली की मग तिसरे अक्षर घ्या.